जुनी शिडाची होडी घेतली. तारांचं काम स्वतः शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नवशिका_नाखवा:
नमस्कार मंडळी. २६ फुटी फायबरग्लासची जुनी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची होडी) घेतली आहे. इंजिन, पंप, वायरिंग यांत हात काळे करायची सवय आहे, पण डोलकाठी आणि तिला धरून ठेवणाऱ्या तारा यांतलं फारसं कळत नाही. तारा शेवटच्या कधी बदलल्या हे आधीच्या मालकालाही सांगता आलं नाही, कारण त्याने होडी घेतली तेव्हाही त्या अशाच होत्या.

डोलकाठी डेकवर उभी आहे, फोरस्टे (पुढची तार) थेट टोकापर्यंत जातो. डावीकडचा खालचा श्राउड (बाजूची तार) हाताने हलवला की उजवीकडच्यापेक्षा बराच ढिला लागतो. तारा खाली स्वेजमध्ये (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या नळीत) शिरतात तिथे तपकिरी डाग आहेत. एका टर्नबकलमध्ये (तार आवळायच्या स्क्रूमध्ये) स्प्लिट पिनच्या (तो आपोआप फिरू न देणाऱ्या खिळीच्या) जागी कुणीतरी विजेची वायर गुंडाळून ठेवली आहे.

ढिला श्राउड टर्नबकल फिरवून घट्ट करून टाकू का? की सगळ्याच तारा बदलायच्या? हे घरच्या घरी शिकता येतं का, की रिगरलाच (तारांचं काम करणाऱ्या कारागिराला) बोलवावं?

गाठीवाला:
टर्नबकलला अजून हात लावू नका. आधी तार ढिली का झाली ते शोधा, नाहीतर घट्ट केल्यावर कारण झाकलं जाईल आणि तुम्ही खुशाल शीड उभारून बाहेर पडाल.

ती विजेची वायर त्याच डावीकडच्या टर्नबकलमध्ये असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. तार सतत हादरत असते. पिन नसली की टर्नबकल हळूहळू उलगडतो. तिथे योग्य मापाची स्टेनलेसची नवी स्प्लिट पिन घाला. पाय थोडेच फाकवा, पूर्ण वळवून गुंडाळले तर गरजेच्या वेळी पक्कड घेऊन झुंजत बसाल. वरून टेपचा एखादा वेढा द्या म्हणजे शीड फाटणार नाही.

वायर दुसरीकडे असेल तर डेककडे बघा. डोलकाठी डेकवर उभी असली की तिचा सगळा दाब खाली केबिनमधल्या खांबावर जातो. डेकच्या आतलं लाकूड कुजलं किंवा खांबाचा पाया खचला की डोलकाठी किंचित खाली बसते आणि तारा ढिल्या पडतात. बुंध्याभोवती खोलगट भाग दिसतो का? केबिनचं दार हल्ली घासतं का? मग जिथे श्राउड बांधले आहेत त्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, पाहा. डेकमधून वर सरकल्याची खूण किंवा आतल्या बाजूला पाण्याचे ओघळ दिसले तर ढिल्या तारेपेक्षा ते काम मोठं आहे.

आता तारा. तुमच्याकडे बहुतेक १९ पदरी स्टेनलेसची तार असेल. ती मधोमध क्वचितच तुटते, तुटते ती टोकाला. पावसाचं आणि लाटांचं पाणी तारेवरून ओघळत खालच्या स्वेजच्या तोंडाशी साचतं, मीठ आतच राहतं. म्हणून आधी खालची टोकं. धातूच्या पॉलिशने डाग पुसा. पुसल्यावर स्वच्छ चकचकीत पोलाद निघालं तर डाग वरवरचा होता. काही दिवसांनी तपकिरी रंग एका बारीक रेषेतूनच परत आला, तर ती चीर समजा. शंका असेल तर डाय पेनेट्रंटचा स्प्रे वापरा: लाल रंग चिरेत मुरतो, पुसून घेऊन पांढरा डेव्हलपर मारला की लाल रेघ उमटते. स्वेजला लांबीच्या दिशेने चीर गेली असेल तर त्या तारेवर एक दिवससुद्धा भरवसा ठेवू नका.

मग कापसाचा बोळा तारेवरून टोकापर्यंत फिरवा. पदर तुटला असेल तर बोळा अडकेल. बोट फिरवू नका, तुटका पदर सुईसारखा घुसतो. १९ पैकी एक पदर तुटला तरी ती तार बाद. आणि बाकीच्या तारा त्याच वयाच्या असल्याने त्यांचीही वेळ जवळ आलेली असते.

चेनप्लेट मात्र एकदा काढून बघाच, हे काम लोक हमखास टाळतात. स्टेनलेस टिकतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर तयार होणाऱ्या पातळ थरावर. डेकच्या जाडीत ओलं सीलंट गच्च बसलेलं असतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि धातू आतून खाल्ला जातो. वरचं आणि खालचं टोक आरशासारखं, मधला भाग पोखरलेला, असे तुकडे मी कितीतरी काढले आहेत.

वय माहीत नसलेली तार जुनीच धरायची. साधारण १० ते १५ वर्षांनी बदलतात, विमा कंपन्याही याबद्दल विचारतात. तुमच्या जागी मी असतो तर सगळ्या बदलल्या असत्या, पण आधी वरच्या तपासण्या केल्या असत्या. चेनप्लेट सडक्या असतील तर त्यांना नव्या तारा लावून काय उपयोग?

वारा_उजवीकडून:
तपासायला डोलकाठीवर चढायचं असेल तर दोन हॅलियार्डवर (शीड वर ओढायच्या दोरांवर) चढा, एक बसायच्या खुर्चीला आणि दुसरी वेगळ्या हार्नेसला. स्नॅप शॅकलवर (झटक्यात उघडणाऱ्या कडीवर) विसंबू नका, थेट बोलाइनची गाठ बांधा. आधी डेकपासून हातभर उंचीवर अंग टाकून जोरात झोके घ्या. विंच (दोर ओढायचा रहाट) चालवणाऱ्याने दोर सेल्फ-टेलरच्या (विंचवरच्या दोर पकडणाऱ्या भागाच्या) दाढेत सोडून न देता क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) अडकवायचा. इलेक्ट्रिक विंच नकोच. हत्यारं दोरीने बांधलेली असावीत आणि खाली कुणी उभं राहू नये. वर प्रत्येक पिनचा, पुलीचा आणि स्प्रेडरच्या (तारांना बाहेर ढकलणाऱ्या आडव्या दांडीच्या) टोकाचा फोटो काढा. स्प्रेडरच्या टोकावर जुनी टेप असेल तर सोडवून बघा, तिच्याखाली पाणी साठतं. स्प्रेडरच्या वर आणि खाली तारेचा कोन सारखा हवा.

नवशिका_नाखवा:
आभार. वायर त्याच डावीकडच्या टर्नबकलमध्ये निघाली. डेक ठीक दिसतंय, पण एका स्वेजवर लाल रेघ उमटली. म्हणजे तारा बदलणार. स्वेज करायचं मशीन माझ्याकडे नाही. आणि नव्या तारांना ताण किती द्यायचा? ताण मोजायचं गेज नाही.

गाठीवाला:
वरचं टोक दुकानातून स्वेज करून आणा, खाली स्टा-लॉकसारखं हाताने बसवायचं फिटिंग लावा. ते दोन पान्यांनी बसतं आणि उघडून तपासताही येतं. लांबी जुन्या तारेवरून घ्यायची, पण टर्नबकल निम्मा उघडा ठेवून. एका वेळी एकच तार काढा आणि तिच्या जागी हॅलियार्ड चेनप्लेटला ताणून बांधा. टर्नबकलच्या आट्यांना लॅनोलिन (लोकरीपासूनचं ग्रीस) लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना चिकटून बसतात, मग करवत आणावी लागते.

आधी डोलकाठी मधोमध आणा: मेन हॅलियार्डचं टोक एकदा डाव्या, एकदा उजव्या चेनप्लेटला टेकवा, माप सारखं यायला हवं. ताणासाठी दोन मीटरची सरळ लाकडी पट्टी पुरते. तार हातानेच आवळलेली असताना पट्टीचं वरचं टोक तारेला टेपने पक्कं करा, खालचं टोक स्वेजला नुसतं टेकलेलं ठेवा. मग टर्नबकल आवळा. खाली १ मिलिमीटर फट पडली की तार तिच्या तुटण्याच्या भाराच्या साधारण ५ टक्क्यांवर आली. १९ पदरी तारेला जाडी कितीही असो, हिशेब हाच. वरच्या श्राउडना ३ मिलिमीटर, म्हणजे १५ टक्के. दोन्ही बाजूंना आळीपाळीने सारखेच फेरे द्या. खालचे श्राउड त्यानंतर, शिडाच्या खाचेतून वर बघत. डोलकाठी सरळ दिसली की थांबा.

शेवटचा हात समुद्रावर, मध्यम वाऱ्यात. होडी २० अंशांच्या आसपास कलली असताना वाऱ्याआडचा श्राउड लोंबकळत असेल तर त्याच बाजूला थोडे फेरे द्या, दिशा बदला, दुसऱ्या बाजूला तितकेच. भाराखालच्या टर्नबकलला पाना लावायचा नाही. नवी तार पहिल्या काही वाऱ्यांत थोडी बसते, तेव्हा परत एकदा मोजा आणि मगच सगळ्या स्प्लिट पिना घाला. तोवर टर्नबकल विजेच्या वायरने नाही, निदान सिझिंग वायरने (बांधायच्या मऊ धातूच्या तारेने) नीट बांधून ठेवा.