मदत हवी आहे: संमतीने घटस्फोट, मुलीचा ताबा आणि बेसा रोडचा फ्लॅट

संत्रीवाली
मामेबहिणीसाठी विचारून राहिली. लग्न २०१४ मध्ये नागपुरात झालं, संसार पुण्यात. जून २०२३ पासून ती मुलीला घेऊन माहेरी, नागपुरात प्रतापनगरला. मुलगी ८ वर्षांची, शाळा इथलीच. इथेच बेसा रोडवर दोघांच्या नावाने फ्लॅट आहे, कर्जही दोघांच्या नावावर. हप्ता १९,००० रुपये, नवऱ्याच्या खात्यातून जातो. बहिणीचा पगार २८,०००. नवरा म्हणतो, संमतीने घेऊ, फ्लॅट तुझ्या नावावर करून देतो, पोटगी मागू नको, केस मात्र पुण्यात करू. त्याच्या वकिलाने दोन पानांचा मसुदा पाठवला आहे. सही करण्याआधी काय पाहायचं? केस नागपुरात होते का? दागिने पुण्याच्या लॉकरमध्ये अडकले आहेत.

धंतोलीकर
केस नागपुरात होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागलं तिथलं न्यायालय चालतं, म्हणजे इथलं कुटुंब न्यायालय. पुण्याला जायचं काही कारण नाही. उद्या त्याने तिकडे एकतर्फी केस टाकलीच, तर बदलीचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाकडे करता येतो. दोन्ही शहरं एकाच राज्यात, त्यामुळे सर्वोच्च न्यायालय गाठावं लागत नाही.

संमतीचा अर्ज कलम १३-ब खाली. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, ते झालंच आहे. पहिल्या अर्जानंतर ६ महिने थांबायचं, पण अमरदीप सिंग प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत माफ होऊ शकते असं सांगितलं. वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं मिटलं असेल, तर पहिल्या अर्जानंतर आठवड्याभरात माफीचा अर्ज देता येतो. 'सगळं मिटलं असेल' हीच अट बहुतेकांना नडते. अटी मोघम असल्या की न्यायाधीश मुदत माफ करत नाहीत.

आणि हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सही आज, पैसे नंतर, फ्लॅट त्याहून नंतर, असला क्रम मान्य करू नका. ठरलेली रक्कम डिमांड ड्राफ्टने, दुसऱ्या जबाबाच्या दिवशी (मुदत संपल्यावर किंवा माफ झाल्यावर दोघं पुन्हा संमती सांगतात तो), न्यायाधीशांसमोर हातात. ड्राफ्टचा क्रमांक जबाबात लिहून घ्यायचा.

संत्रीवाली
आणि पोटगी सोडायची का? फ्लॅट मिळतोय म्हणून ती तयार आहे.

आखीवपत्रिका
फ्लॅट 'मिळतोय' म्हणजे नेमकं काय, ते आधी बघा. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप अर्धी-अर्धी होते, असा नियम आपल्याकडे नाही. ज्याच्या नावावर, त्याची. इथे दोघांची नावं आहेत म्हणून तिचा हिस्सा तसाही आहेच. नवरा फक्त आपला हिस्सा सोडतोय, आणि त्याच्या बदल्यात आयुष्यभराची पोटगी सोडायला सांगतोय. हा हिशेब कागदावर मांडा: आजचा बाजारभाव, वजा कर्जाची बाकी, भागिले दोन.

खरी गाठ बँकेत आहे. 'यापुढचे हप्ते पती भरेल' असं अटींत लिहिलं आणि न्यायालयाने मान्यही केलं, तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. त्याने हप्ते थांबवले की बँक तिच्याकडे येणार, सिबिलही तिचाच खराब होणार. उलट कर्ज तिने एकटीने घ्यायचं म्हटलं, तर २८,००० च्या पगारावर १९,००० च्या हप्त्याला बँक सहसा तयार होत नाही. वडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून येतील का, किंवा एकरकमी पोटगीतून बाकी फेडता येईल का, ते सही करण्याआधी शाखेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. त्याच्याकडून रोख नको, कर्जाची बाकी त्यानेच फेडून बोजा उतरवून द्यावा.

हिस्सा हस्तांतरणाची वेळ फार महत्त्वाची. निवासी फ्लॅट पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिला, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वर स्थानिक अधिभार वेगळा. हुकूमनामा झाला की ते पती-पत्नी उरत नाहीत आणि ही सवलत जाते. मग बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी दुसऱ्या जबाबाच्या थोडी आधी. मात्र बदल्यात पैसे घेतल्याचं कुठे लिहिलं, की ते बक्षीस राहत नाही, म्हणून शब्दरचना नोंदणीचं काम करणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्या. कर्ज चालू असेल तर बँकेची ना-हरकत आधी. भूखंड नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या लीजवरचा असेल, तर त्यांच्या परवानगीचंही बघावं लागेल. सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) आणि आखीव पत्रिका (जमिनीचा शहरी मालकी उतारा) आजच काढा.

निमा
पोटगीबद्दल: ती स्वतःची सोडू शकते, मुलीची नाही. तो मुलीचा हक्क आहे. आईने सही केली तरी मुलीसाठी पुढे मागता येते. रक्कम ठरवताना दोघांच्या मालमत्तेची आणि उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं मागवा. वादग्रस्त पोटगीत रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) निकालापासून ती सक्तीचीच आहेत. शाळेची फी थेट शाळेत, बाकी खर्च दरमहा, आणि दरवर्षी वाढीचा टक्का लिहून घ्या. नाहीतर आठवीतल्या मुलीला तिसरीतल्या हिशेबाने पैसे येतात.

ताब्याचा परिच्छेद मसुद्यात 'वडिलांना सोयीनुसार भेटता येईल' एवढाच असणार, पैज लावते. सोय कोणाची? यावरूनच पुढे अर्ज पडतात. लिहा असं: महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, किती ते किती, कुठून न्यायचं, कुठे आणून सोडायचं, कोण आणणार. व्हिडिओ कॉलचे वार आणि वेळ. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. पासपोर्ट कोणाकडे, परदेशी नेताना लेखी संमती. उन्हाळ्याची सुटी मात्र पुण्याच्या मसुद्यातून उचलू नका. तिकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात जूनअखेर. तारखा घालण्यापेक्षा 'शाळेच्या कॅलेंडरप्रमाणे सुटीचा पहिला अर्धा भाग' असं लिहा. आणि मे महिन्यात भरदुपारी अंबाझरी बागेत भेट ठरवणाऱ्यांना काय म्हणावं! संध्याकाळी पाचनंतर ठेवा.

धंतोलीकर
दागिन्यांचं राहिलं. ते स्त्रीधन, वाटणीत धरायचंच नाही. वस्तू, वजन, बिल किंवा लग्नातला फोटो अशी यादी करून अटींना परिशिष्ट म्हणून जोडा. परत मिळाल्याची पोच पहिल्या अर्जाआधी. 'उभयतांचे काही घेणेदेणे नाही' हे वाक्य मसुद्यात असेल, तर दागिने हातात येईपर्यंत ते खोडून ठेवा.

संत्रीवाली
वकिलाच्या फीचं टेन्शन आहे. पोलिसांच्या भरोसा सेलला जाऊ का?

निमा
भरोसा सेल समुपदेशनासाठी ठीक. तिथे घटस्फोट मिळत नाही की ताबाही नाही. वकील हवा असेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. फोन १५१००. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना राज्यात कोर्ट फीही माफ आहे. नोंदणीचं काम मात्र वेगळ्या वकिलाकडे द्यावं लागेल, त्याचे पैसे बाजूला ठेवा.

आखीवपत्रिका
हुकूमनामा झाला की त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका, तीन प्रमाणित प्रती. एक बँकेला, एक सोसायटीला, एक घरी. मसुद्यातली नावं खोडून फक्त फ्लॅटचा परिच्छेद इथे टाका, बघतो.