मित्र म्हणतात, येशू वधस्तंभावर मेलाच नाही, काश्मीरला गेला. त्यांना काय सांगू?

खानापूरचा पोरगा विचारतो:

सर्वांना सलाम. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. गेल्या आठवड्यात नाइट शिफ्टला चहाच्या वेळी एका मित्राने मोबाइलवर व्हिडिओ लावला. येशू वधस्तंभावर फक्त बेशुद्ध झाला, शिष्यांनी त्याला कबरेतून बाहेर काढला, मग तो काश्मीरला आला आणि श्रीनगरला त्याची कबर आजही आहे, असं त्यात होतं. दुसऱ्याने भर घातली की शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, शंभर वर्षांनी लिहिलीत आणि पुनरुत्थानाची गोष्ट मिथ्र नावाच्या जुन्या देवावरून उचललेली आहे.

हे दोघे माझे वैरी नाहीत. जानेवारीत आई गेली तेव्हा तिच्या पेटीला याच दोघांनी खांदा दिला. म्हणून चिडून उठून जाताही येईना, आणि उत्तरही सुचेना. चर्चमध्ये विचारलं तर "विश्वास ठेव" एवढंच ऐकायला मिळालं. विश्वास आहे ओ. पण आईवर माती टाकताना "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे वचन वाचलं गेलं, आणि तेव्हापासून हे खरंच घडलं होतं का, हा प्रश्न माझ्यासाठी चहाबरोबरच्या गप्पांचा राहिला नाही. कुणी नीट सांगेल का?

टिळकवाडीची नर्सताई:

भावा, आईचं वाचून वाईट वाटलं. मी २६ वर्षं वॉर्डात काढली, म्हणून फक्त बेशुद्धीच्या मुद्द्यावर लिहिते.

रोमी फटके म्हणजे छडी नव्हे, पाठीची कातडी सोलून निघायची. त्यानंतर खिळे, मग कित्येक तास लटकणं, आणि शेवटी कुशीत भाला. एवढं झाल्यावर माणसाला सलाईन नाही, टाके नाहीत, पाणीसुद्धा नाही, आणि त्याला गार दगडी गुहेत कापडात गुंडाळून ठेवला. तो तिसऱ्या दिवशी धोंड लोटून चालत येईल? साध्या पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट तिसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत जाताना दोघांच्या खांद्यावर हात टाकतो, हे मी रोज बघितलंय.

योसेफस हा यहुदी इतिहासकार त्याच शतकातला. वधस्तंभावर टांगलेले आपल्या ओळखीचे तिघे त्याला दिसले, तेव्हा त्याने रोमी सेनापती तीतकडे रदबदली करून त्यांना जिवंतपणी खाली उतरवून घेतलं. वैद्य लावले, जमेल ते उपचार केले. तरी त्यातले दोघे दगावले, एकच वाचला. येशूला तर कुणी वाचवायला उतरवलं नव्हतं, पुरायला उतरवलं होतं.

कोर्टातले काका:

बाळा, मी बेळगावच्या कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच बेंच क्लार्क म्हणून. साक्षीदार मराठीत बोलायचा, कागदावर कन्नडमध्ये उतरायचं, आणि सही-अंगठ्याआधी ते त्याला पुन्हा मराठीत समजावून सांगायचं. त्यामुळे एकेक जबाब मी दोनदा ऐकलाय. माझं शिक्षण धर्मशास्त्राचं नाही. साक्ष कशी असते एवढंच मला कळतं, तेवढ्यावर लिहितो.

आधी काश्मीर. श्रीनगरच्या खानयार भागात रोजाबल नावाची जागा आहे. तिथे यूज आसफ नावाच्या संताची कबर असल्याचं १८व्या शतकातल्या एका फारसी इतिहासात येतं. ती येशूची कबर आहे, असं अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं ते १८९९च्या सुमारास. घटनेपासून ही साक्ष जवळजवळ १,८७० वर्षं लांब! आणि 'यूज आसफ' हे नाव कुठून आलं बघ. बुद्धाची कथा पश्चिमेकडे गेली तेव्हा 'बोधिसत्त्व'चं अरबीत 'बूदासफ' झालं, अरबी लिपीतल्या एका नुक्त्याच्या (टिंबाच्या) फरकाने 'यूदासफ', पुढे 'यूजासफ'. नावाचा माग काढत गेलं तर ते गौतम बुद्धापाशी पोचतं, येशूच्या नासरेथला नाही. लडाखच्या हेमिस मठात येशूच्या चरित्राची पोथी सापडली असं १८९४ मध्ये नोतोविच या रशियन लेखकाने छापलं होतं. दुसऱ्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस नावाचे प्राध्यापक मुद्दाम तिथे गेले, आणि मुख्य लामांनी अशी पोथी नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. मित्राला हे शांतपणे सांग. त्याने ते रचलेलं नाही, त्याच्यापर्यंत फॉरवर्ड झालंय.

मिथ्राबद्दल थोडक्यात. रोमी मिथ्र खडकातून जन्मतो आणि बैल मारतो. तो मेला आणि पुन्हा उठला अशी कथाच त्याची नाही. इजिप्तचा देव ओसायरिस मरतो खरा, पण परत येत नाही, पाताळाचा राजा होतो.

आता "शंभर वर्षांनी लिहिलं" हा मुद्दा. इथे मला थोडं सविस्तर लिहू दे.

सर्वांत जुनी साक्ष शुभवर्तमानांत नाही, पौलाच्या पत्रात आहे. हा पौल आधी ख्रिस्ती लोकांना पकडायचा, पुढे येशू मला दिसला म्हणून त्याचाच प्रचारक झाला. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५ काढ. ते पत्र इसवी सन ५५च्या आसपासचं, हे पौलाचे टीकाकारही मानतात. त्यात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला आधी सोपवलं होतं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे शिष्य पेत्राला) दिसला, मग बारा शिष्यांना. "आधी" म्हणजे तो करिंथ शहरात होता तेव्हा. तो काळ ठरवता येतो. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याला तिथे गल्लियो या अधिकाऱ्यासमोर उभं केल्याचं आहे, आणि ग्रीसमध्ये डेल्फीला सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा काळ इसवी सन ५१-५२चा निघतो. वधस्तंभ इसवी सन ३० किंवा ३३चा. मधे साधारण २० वर्षं. आपल्याकडे कृष्णेला २००५चा पूर आला त्याला जेवढी वर्षं झाली, साधारण तेवढीच.

आणि पौलाला तरी हे कुणाकडून मिळालं? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की विश्वास धरल्यावर तीन वर्षांनी मी यरुशलेमला गेलो, केफाजवळ पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब भेटला. पंधरा दिवस! पंधरा दिवसांत माणूस काय काय विचारून घेईल. यादीत नाव 'पेत्र' असं ग्रीक नाही, 'केफा' हे घरच्या अरामी बोलीतलं आहे. मला ते एखाद्या जबाबात मधेच आलेल्या गावच्या हाकेच्या नावासारखं वाटतं. वकिलाने लिहून दिलेल्या जबाबात तसं नाव येत नाही.

पुढे तो म्हणतो की पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. खोटा साक्षीदार कधीही "जाऊन विचारा" म्हणत नाही. तो म्हणतो, "साहेब, जे होते ते सगळे वारले."

मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक ७०च्या आसपासचं धरतात, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षं. ही मुदत मोठी वाटते का? १९८६च्या जूनमधलं कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन आठवून बघ. त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकात जे जमतात, त्यांच्यात त्या दिवशी रस्त्यावर असलेली माणसं अजून आहेत. कोण कुठल्या गल्लीतून धावला, यावर त्यांची एकवाक्यता नाही. पण त्या दिवशी गोळीबार झालाच नव्हता, असं कुणी म्हणून तर बघावं! मार्क वधस्तंभ वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाबद्दल लिहिताना "आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप" असं घालतो. का घालतो? वाचणाऱ्यांना ती दोन पोरं माहीत होती म्हणून.

चार शुभवर्तमानांत किती स्त्रिया गेल्या, किती देवदूत दिसले, यात फरक आहेत. असू देत. गोव्याच्या रस्त्यावरच्या एका अपघाताच्या खटल्यात चार साक्षीदार होते. ट्रकचा रंग, वेळ, पहिला कोण धावला, सगळं वेगवेगळं. पण माणूस कुठे पडला होता यावर चौघे ठाम. दुसरीकडे, जमिनीच्या एका दाव्यात तीन भाऊ एकामागून एक पिंजऱ्यात आले आणि शब्द न शब्द तेच बोलले. तिसऱ्याचं ऐकताना माझ्या पेनाला पुढचं वाक्य आधीच माहीत होतं. पढवलेली साक्ष ती. चारही शुभवर्तमानं कबरेपाशी येतात, कबर रिकामी असते, आणि पहिल्या पोचणाऱ्या स्त्रिया असतात. बाईची साक्ष घेऊ नये, असं योसेफस स्वतः लिहितो. तो समाज तसा होता. रचणाऱ्याने पेत्राला किंवा येशूला पुरणाऱ्या अरिमथाईकर योसेफाला पाठवलं असतं, मग्दालीया मरीयेला नाही.

कबर होती तरी का, असंही विचारतात. रोमी लोक प्रेतं कुत्र्यांना टाकायचे म्हणतात. पण यहुदी लोक वधस्तंभावरच्यांनाही सूर्यास्तापूर्वी पुरतात, हे योसेफसने लिहिलंय. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ एक अस्थिपेटी निघाली. तिच्यावर येहोहानान नाव, आणि आत टाचेच्या हाडात वाकलेला लोखंडी खिळा तसाच. तोही वधस्तंभावर गेला होता, आणि त्याच्या माणसांनी त्याला रीतीने पुरलं होतं.

पण माझ्या मनाला सर्वांत जास्त धरून ठेवतो तो याकोब. येशूचा भाऊ. येशू जिवंत असताना घरच्यांना वाटत होतं की त्याचं डोकं फिरलंय, आणि भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. मार्क आणि योहान दोघेही हे लपवत नाहीत. आपल्यात म्हणतात तसं, पिकतं तिथं विकत नाही. शेताच्या वाटणीनंतर माझा सख्खा भाऊ आणि मी सात वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. म्हणून मला माहीत आहे की भावाला भाऊ 'प्रभू' म्हणणं ही काय गोष्ट आहे. त्यात हा भाऊ गुन्हेगार म्हणून टांगलेला, घराण्याला बट्टा लावून गेलेला. आणि काही वर्षांत हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी आहे, ६२ मध्ये त्याला दगडमार होते. दगडमाराचं पुन्हा योसेफसच सांगतो, आणि तो ख्रिस्ती नव्हता. मधे काय घडलं? पौलाच्या यादीत चार शब्द आहेत: मग तो याकोबाला दिसला.

निपाणीकर:

काका, आदर ठेवून लिहितो. मी देव मानत नाही. काश्मीरचं खोडलंत ते पटलं. पण माझी आजी आजोबा गेल्यावर दोन महिने त्यांना ओसरीवर बसलेले बघायची. ती खोटं बोलत नव्हती. शिष्यांचं तसंच झालं नसेल कशावरून? आणि मेलेला माणूस उठत नाही, हा आपला सगळ्यांचा रोजचा अनुभव. देवळातला चमत्कार असो की चर्चमधला, मी एकाच काट्याने तोलतो.

कोर्टातले काका:

निपाणीकर, एकाच काट्याने तोला, माझीही तीच विनंती आहे.

तुमच्या आजीचं मला शंभर टक्के खरं वाटतं. दुःखात असं दिसतं. पण आजींनी कधी म्हटलं का, की हे मेलेच नाहीत, यांचं पान वाढा? नाही ना. दिसलेल्याला काय म्हणायचं हे त्यांना माहीत होतं. शिष्यांनाही माहीत होतं. प्रेषितांच्या कृत्यांत, बाराव्या अध्यायात, पेत्र तुरुंगातून सुटून रात्री दार ठोठावतो. मोलकरीण धावत सांगायला येते, तर आतले म्हणतात, "त्याचा देवदूत असेल." म्हणजे मेलेल्याचं रूप दिसलं तर वापरायचा शब्द त्यांच्या ओठांवर तयार होता. येशूच्या बाबतीत तो त्यांनी वापरला नाही. ते म्हणाले उठला, कबर रिकामी आहे. तीही ज्या शहरात पुरला त्याच शहरात, जिथे कुणालाही चालत जाऊन बघता आलं असतं.

शिवाय पौल शोकात नव्हता. तो या लोकांना पकडून तुरुंगात घालत होता. त्याला येशूची आठवण येऊन रडू येण्याचं कारणच नव्हतं.

मेलेला उठत नाही हे त्या कोळी शिष्यांनाही ठाऊक होतं. शिष्य थोमा काय म्हणाला ते वाचा: खिळ्यांच्या खुणा स्वतः बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. प्रेत आपोआप उठतं असा आमचा दावा नाही, देवाने उठवलं असा आहे. देवच नाही असं आधी ठरवलंत तर कुठलाही साक्षीदार पुरणार नाही, हे मी मान्य करतो. हे कोर्टात सिद्ध होईल असंही मी म्हणत नाही. पण दार आधीच लावून घेऊ नका. त्याला भ्रम म्हणा, चोरी म्हणा, बेशुद्धी म्हणा. प्रत्येक स्पष्टीकरण एकेका साक्षीदारापुरतं चालतं, आणि पुढच्याशी अडतं. भ्रमाने कबर रिकामी होत नाही. प्रेत चोरून पौल बदलत नाही. आणि बेशुद्धीबद्दल श्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने, जो स्वतः पुनरुत्थान मानत नव्हता, १९व्या शतकातच म्हटलं होतं की अर्धमेला, पट्ट्या बांधायला लागणारा माणूस बघून कुणाला तो मृत्यूचा विजेता वाटला नसता.

निपाणीकर:

आजीच्या पानाचं उदाहरण डोक्यात राहिलं काका. मी अजून तुमच्या बाजूला नाही, पण याकोबाचं वाचतो.

खानापूरचा पोरगा:

काका, ताई, खूप आभार. काल शिफ्टला यूज आसफचं सांगितलं. ज्याने व्हिडिओ लावला होता तो गप्प बसला नाही, उलट त्याने "हा याकोब कोण?" म्हणून विचारलं. चहा गार झाला, आम्ही बोलतच होतो. एक अडचण आली. माझ्या बायबलात मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या कंसात आहेत. मित्राने बोट ठेवून विचारलं, ह्या नंतर घातल्यात काय?

कोर्टातले काका:

हो, बहुधा नंतरच्याच. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या पूर्ण प्रती शेवटच्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतात, स्त्रिया भिऊन पळाल्या तिथे. मित्राला सरळ "हो" सांग. कंस आपल्याच लोकांनी प्रामाणिकपणे छापलाय. पण त्याला सहावी ओवीही वाचून दाखव, ती कंसाच्या बाहेर आहे: तो उठला आहे, येथे नाही. सातवीही दाखव, तीत गालीलात तुम्ही त्याला बघाल असं आहे. आणि पौलाची यादी मार्कच्याही आधीची, तिला कंस नाही.

ईस्टरच्या पहाटे पाच वाजता आम्ही काही जण कॅम्पातल्या कबरस्थानात गाणी म्हणायला जमतो. माझी पत्नी तिथे आहे. तुझ्या आईची कबर गावी असेल, तरी ये. मी फाटकाशी थांबतो. त्या दोघांनाही घेऊन ये, त्यांनी खांदा दिलाय.