विक्रम गोखले आधी नाटकातले की मालिकांतले?

प्रश्न: 'अग्निहोत्र' मालिका परत बघतेय, गोखल्यांच्या मोरेश्वरकाकांनी अक्षरशः वेड लावलंय! गोखले मालिकांमध्ये उशिरा आले का?

– नाही हो ताई, दूरदर्शनवरच्या 'उडान'मध्ये नायिका कल्याणीचे वडील तेच होते की.

– पण ते मूळ नाटकातलेच. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' बाबांनी मला दाखवलं होतं, त्यात गोखले नुसते गप्प उभे राहिले की शेवटच्या रांगेतसुद्धा कोणी खोकत नव्हतं, आणि तोच पॉज पुढे मालिकेत क्लोजअपला कामी आला असं मला वाटतं.

– २०१६ ला घशाच्या त्रासाने नाटक सोडावं लागलं त्यांना, फार वाईट वाटलेलं. रंगमंचावर आवाज लांबवर पोचवायला लागतो, कॅमेऱ्यासमोर माइक असतो, म्हणून तिथलं काम चालू राहिलं. २०२२ ला गेले.