मदत हवी आहे: ऊसतोडीला निम्मं गाव गेल्यावर बंद घरांची राखण कशी लावावी?

बालाघाट_पायथा
गाव वडवणी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. उंबरा 410, त्यात गावठाणाबाहेर दोन तांडे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि साधारण 170 घरांना कुलूप लागतं, ते गुढीपाडव्याच्या आगेमागेच निघतं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. गेल्या दोन हंगामांत बंद घरं फुटली. भांडी गेली, सोयाबीनची पोती गेली, एका घरातून उचलीचे, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले, पैसे गेले. शिवारात मोटारीच्या केबली कापणं तर चालूच आहे. ठाणं 19 किलोमीटरवर.

ग्रामसभेत दोन सूचना आल्या आहेत: कॅमेरे बसवा, आणि पोरांचं दल करून गस्त घाला. ग्रामपंचायत दीड लाखापर्यंत खर्च करू शकेल. आधी काय करावं? दलाला कायद्याचा आधार काय? आणि घरधनी कोल्हापूरला किंवा कर्नाटकात असेल तर फिर्याद कोणी द्यायची? जाणकारांनी सविस्तर सांगावं. टोळ्या निघायला सव्वा महिना उरलाय.

बीट_डायरी
कॅमेरे नंतर. सव्वा महिन्यात होण्यासारखं आणि जवळपास फुकटातलं काम म्हणजे बंद घरांची नोंदवही. ती मात्र नीट झाली पाहिजे.

एका वहीत घरटी एक पान. त्यावर घरधन्याचा मोबाईल, मुकादमाचा मोबाईल, कोणत्या कारखान्याला गेले, निघाल्याची तारीख, गावातल्या भावकीतलं एक जबाबदार माणूस, आणि घरात मागं कोणी राहतंय का. ही माहिती दारोदार फिरून गोळा करू नका, महिना जाईल. मुकादमाकडं टोळीतल्या सगळ्या कोयत्यांची (तोडणी करणाऱ्या जोडप्यांची) यादी असतेच, कारण त्याला उचल वसूल करायची असते. गावातले पाच-सात मुकादम एका संध्याकाळी बसवले की तीन चतुर्थांश वही तिथंच भरते.

वहीच्या दोनच प्रती करा. एक पोलीस पाटलाकडं, दुसरी बीट अंमलदाराकडं, म्हणजे आपल्या भागाची गावं सांभाळणाऱ्या पोलिसाकडं. ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. बहुतेक गावं इथंच चुकतात. कोणतं घर कधीपासून बंद आहे आणि मागं एकटी म्हातारी आहे का, हे चोराला आयतं लिहून दिल्यासारखं होतं.

निघण्याआधी दर घराला तीन गोष्टी सांगा. उचलीची रक्कम पत्र्याच्या पेटीत नको, बँकेत टाका. मागच्या दाराला आतून आडणा (आडवा दांडा) लावा, नुसत्या कोयंड्यावर भरवसा नको. कुलूप कितीही महाग असलं तरी कोयंड्याचे स्क्रू उपटले की खेळ संपला. तो कोयंडा आरपार बोल्टनं बसवून आतून नट आवळून घ्या. आणि टीव्ही, शिलाई मशीन, सिलिंडर, मोटार यांच्या नंबरांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. चोरीचा माल सापडतो, पण तो तुमचाच हे सिद्ध करता येत नाही म्हणून मुद्देमाल ठाण्यातच पडून राहतो.

फिर्यादीचं. घरधनीच पाहिजे असं काही नाही. चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर ज्याला माहीत आहे तो देऊ शकतो, म्हणजे भावकीतलं ते जबाबदार माणूस गावातूनच फिर्याद देईल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, खबर घ्यावीच लागते. मोबाईलवरून किंवा ऑनलाइन दिलेली खबरही चालते, मात्र देणाऱ्यानं तीन दिवसांत सही करायला हवी. कारखान्यावरच्या माणसाची अडचण नेमकी इथं होते, म्हणून गावातलं माणूस आधीच ठरवून ठेवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

काळी_माती
ग्रामरक्षक दलाचा नियम आहे ना? ग्रामसभेचा ठराव करून द्या, मंजुरी मिळते.

बीट_डायरी
@काळी_माती, नावात घोळ होतोय. तुम्ही म्हणताय ते ग्रामरक्षक दल दारूबंदी कायद्यात 2016 च्या दुरुस्तीनं आलं. त्याचं काम अवैध दारूची खबर देणं. चोऱ्यांसाठी हवं ते ग्रामसुरक्षा दल, आणि ते ठाण्याच्या देखरेखीखाली चालतं. ठराव करताना चुकीचं नाव पडलं तर कागद भलत्याच खात्याकडं जातो.

ठरावात सदस्यांची नावं घाला, ठाण्याकडून त्यांची चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि ओळखपत्रावर ठाण्याचा शिक्का घ्या. पोलीस पाटील हा महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम 1967 खाली नेमलेला माणूस आहे. दलाचा रोजचा धागा त्याच्याच हातात असू द्या. सरपंचाच्या हातात दिला की निवडणुकीच्या वर्षी दलाचे दोन तुकडे पडतात.

बालाघाट_पायथा
फारच उपयोगी, मनापासून आभार. नोंदवहीचं काम उद्याच काढतो. गस्तीला 22 पोरं तयार आहेत. रोज रात्री फिरायचं म्हणतात. किती दिवस टिकेल?

पाणीपाळी
तीन आठवडे. रोजची गस्त कोणत्याच गावात हंगामभर टिकत नाही, दिवसा शेतातली कामं असतातच. काळोख्या रात्री धरा: अमावास्या, तिच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच, म्हणजे महिन्यात 11 रात्री. एका रात्रीला चौघे धरले तर 44 पाळ्या. 22 जणांत वाटल्या की माणशी दोनच रात्री येतात. एवढं माणूस वर्षानुवर्षं करू शकतो. वेळ रात्री 12 ते 4, पण निघायची वेळ आणि वाट रोज बदला. ठरल्या वेळेला शिट्टी वाजवत फिरणारी गस्त चोराला घड्याळासारखी उपयोगी पडते. दोघांनी फिरावं, दोघांनी एका ठिकाणी अंधारात गप बसावं. चौघांकडे मिळून दोन टॉर्च, दोन शिट्ट्या, चार्ज केलेले मोबाईल. कुऱ्हाड-कोयता कोणाच्याही हातात नको.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) मोटारी चालवणारी थ्री-फेज लाईट आठवड्याच्या पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात निम्मे शेतकरी पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला शिवारात असतात. गस्तीवाल्याला कोणत्या फीडरला कधी लाईट आहे हे माहीत नसेल तर तो शिवारात टॉर्च दिसली की "चोर चोर" करतो आणि आपल्याच माणसाला मार बसतो. उलट माहीत असेल तर शिवारातले तेच शेतकरी आपले डोळे होतात. पाळीचा तक्ता लाईनमनकडून घ्या आणि गस्तीच्या तक्त्याशेजारीच चिकटवा.

बीट_डायरी
पाणीपाळींच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून सांगतो, कारण यात माणसं मरतात. 2024 साली मराठवाड्यात गावोगाव रात्री ड्रोन दिसल्याची चर्चा उठली आणि लोक काठ्या घेऊन रस्त्यावर आले. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते.

म्हणून दलाला पहिल्याच दिवशी लेखी द्या: संशयित दिसला तर लांबून नजर ठेवायची, गाडीचा नंबर आणि जायची दिशा टिपायची, 112 ला फोन करायचा. फोनवर नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, एका नावाची तीन-चार गावं निघतात. तालुका, फाटा आणि जवळची खूण सांगा. डोळ्यांदेखत चोरी करताना कोणी पकडला तर त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये आहे. हात उगारायचा नाही, व्हिडिओ काढून फिरवायचा नाही.

पारधी किंवा वैदू वस्ती जवळ असेल तर चोरी झाली की बोट आधी तिकडं जातं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण गावाच्या डोक्यातला संशय गेला नाही. त्या वस्तीतली दोन माणसं आणि दोन्ही तांड्यांचे नाईक दलात पहिल्या यादीतच घ्या. रात्रीचं रान त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, आणि चोऱ्या त्यांच्या घरीही होतात.

फोकल_लेन्थ
आता कॅमेऱ्यांचं. दीड लाखात पंधरा कॅमेरे लावणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. चारच लावा, पण गावात शिरण्याच्या वाटांवर.

नेहमीची 2.8 मिमी लेन्स रुंद चित्र देते, पण रात्री हेडलाईटच्या झोतात नंबरप्लेट पांढरी फट्ट दिसते. प्रत्येक मुख्य वाटेवर दोन कॅमेरे पाहिजेत. एक रुंद, माणूस आणि गाडीचा रंग दाखवणारा. दुसरा 8 किंवा 12 मिमी लेन्सचा, चौकटीत एका गाडीपुरता रस्ता येईल असा, शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद कायम करून ठेवलेला. रात्री त्याचं बाकी चित्र काळं दिसेल, प्लेट तेवढी वाचता येईल, आणि तेच हवं आहे. जागा वळणाची किंवा नळकांडी पुलाची निवडा, तिथं गाडी आपोआप मंदावते. उंची 12 ते 14 फूट. त्याहून वर नेला तर नुसत्या टोप्या आणि फेटे दिसतात.

साठवणीचा हिशेब: एक कॅमेरा 2 एमबीपीएसवर दिवसाला सुमारे 21.6 जीबी खातो. चार कॅमेरे, 30 दिवस, म्हणजे 2.6 टीबी. 4 टीबीची, सीसीटीव्हीसाठीचीच हार्डडिस्क घ्या. नेटवर्क केबल 100 मीटरच्या पुढं चालत नाही, तिथून फायबर टाकावी लागते. सगळा भार 60 वॅटच्या आसपास येतो. 150 एएचची एक ट्युब्युलर बॅटरी इन्व्हर्टरसह 15 तास सहज ओढते. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर अंदाजपत्रकातून कोणी काढू देऊ नका, नाहीतर वळवाच्या पहिल्या विजेत सगळं जळतं.

बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. हार्डडिस्क मेलेली असते आणि चोरी होईपर्यंत कोणी पाहत नाही. रेकॉर्डरचं घड्याळ मागं पडलेलं असतं. कोळी लेन्सवर जाळं करतो आणि रात्री इन्फ्रारेडमध्ये तेवढंच चमकतं. दर महिन्याच्या 1 तारखेला मागच्या आठवड्यातला रात्री 2 चा तुकडा उघडून पाहायचा आणि वहीत सही करायची, हे काम एका माणसाच्या नावावर ठरवा. रेकॉर्डर ग्रामपंचायतीत लोखंडी कपाटात ठेवा.

फुटेज कोर्टात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायची असते. त्यामुळे मोबाईलनं स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका. मूळ फाईल पोलिसांसमोर काढा.

पैशाबाबत: 15व्या वित्त आयोगाच्या निधीत (2021-26) 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा. कॅमेरे अबंधितमधून बसतात, पण गावच्या विकास आराखड्यात काम आधी आलेलं पाहिजे, नाहीतर बिल अडकतं. दुरुस्तीचा वार्षिक खर्चही त्यातच लिहा.

बालाघाट_पायथा
चारच कॅमेरे, आणि तेही आराखड्यात घेऊन पुढच्या वर्षी. यंदा वही, कोयंडे आणि 11 रात्री. ताईबाई मंडळींचं काय? बचत गट विचारतोय.

पाणीपाळी
रात्री फिरण्यापेक्षा मोठं काम त्यांच्याकडं आहे. चोरांची टेहळणी दिवसा होते, फेरीवाल्यांच्या वेषात: भांड्यांवर कल्हई, जुने मोबाईल घेणारे, मशीनची जाहिरात करणारे. त्यातले बहुतेक खरेच धंदेवाले असतात, म्हणून हटकून भांडण नको. ग्रामपंचायतीत नाव, गाव आणि गाडी नंबर लिहूनच फिरावं असा सगळ्यांना सारखा नियम करा. एकट्या म्हाताऱ्यांची घरं गटातल्या बायकांनी वाटून घ्यावीत, संध्याकाळी एक हाक मारायची. म्हाताऱ्यांना केवायसीच्या नावाखाली फोन येतात, तेही या बायकांनाच आधी कळेल. पैसे गेले तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

केबलीचं राहिलं. स्टार्टरपासून बोअरपर्यंतचा तुकडा उघडा असतो, तोच कापतात. तो दोन फूट खोल एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाईपातून घ्या आणि दोन्ही तोंडं सिमेंटनं बुजवा. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर घेणार असाल तर केबल कापली की कॉल येणारं मॉडेल मागा. तांबं काढायला केबल जाळतात, त्याचा वास लांबवर जातो. गस्तीच्या पोरांना आणि गुराख्यांना सांगून ठेवा, नाल्यात जळक्या रबराचा वास आला तर तिथं जायचं नाही, बीट अंमलदाराला लगेच कळवायचं. डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) तेल किंवा तार गेली तर महावितरणच्या शाखा अभियंत्यालाही लेखी द्या, तो वीज कायदा 2003 च्या कलम 136 चा वेगळा गुन्हा होतो.