टेन्सेग्रिटी शिल्प एका बाजूला कलतंय

प्रश्न: ४० सेंमीच्या ६ बांबूकाठ्या आणि नायलॉन दोरीचा टेन्सेग्रिटी विंशतिफलक करतोय (काठ्या एकमेकींना न टेकता फक्त ताणलेल्या दोऱ्यांवर तोललेला, वीस बाजूंचा आकार). रात्रीत दोऱ्या सैल पडून सगळं कलतं. दोरी किती लांब हवी?

प्रतिसाद १: काठीच्या ०.६१२ पट, म्हणजे २४.५ सेंमी. असे २४ तुकडे, प्रत्येक टोकाला ४. गाठींसाठी ३५ सेंमी कापा. समांतर काठ्यांत २० सेंमी अंतर आलं की आकार जमला.

प्रतिसाद २: माप बरोबर, पण खरा दोष नायलॉनचा, ताणाखाली ते हळूहळू वाढतं. विणलेली पॉलिएस्टर दोरी घ्या. आधी शिलाईच्या इलास्टिकवर सांगाडा उभा करा, मग एकेक तुकडा बदला. आणि दोरी अडकवायचे पितळी हूक पोकळ बांबूत थेट पिळू नका, चिरतो. टोकात लाकडी गुल्ली फेविकॉलने बसवून, वाळल्यावर तिला बारीक भोक पाडा आणि हूक त्यात पिळा.

प्रश्नकर्ता: गुल्ली सागाची चालेल?

प्रतिसाद २: चालेल. घट्ट ठोकू नका मात्र.