हॉररफिल्मचा ट्रेलर सगळ्यांना ‘भारी’ वाटतोय, मग बदलू काय?

शेवटची_रीळ:
आमची कॉलेजची बारा मिनिटांची हॉररफिल्म आहे. तिचा ट्रेलर आणि पोस्टर द्यायचंय, शिवाय प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांवरून काय बदललं तेही लिहून द्यायचंय. ग्रुपवर फॉर्म फिरवला. ‘आवडला का?’ला जवळपास सगळ्यांचं हो. ‘काय सुधारावं?’ला ‘अजून घाबरवा’. पोस्टरवरून तर दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात बाईचा चेहरा नीट दाखवा, निम्मे म्हणतात दाखवूच नका. कोणाचं ऐकू?

कात्रीवाला:
दोघांचंही ऐक, पण त्यांनी सुचवलेला उपाय घेऊ नकोस. दुखणं काय ते विचार. ‘दाखवा’ म्हणणाऱ्याला बहुधा अंधारात काय आहे तेच कळत नाहीये. ‘दाखवू नका’ म्हणणाऱ्याला मेकअप खोटा वाटत असेल. तसं निघालं तर अर्धा चेहरा नीट उजेडात आणि बाकी काळोख, एवढ्याने दोघंही गप्प होतील.

‘आवडला का?’ हा प्रश्न आधी उडव. मित्रमंडळी नाही म्हणतील कशाला? पोस्टर पाच सेकंद दाखव, झाक आणि विचार: नाव काय होतं? नजर आधी कुठे गेली? सिनेमा कशाबद्दल असेल? कोणी ‘कौटुंबिक’ म्हणालं, तर ते उत्तर शंभर ‘भारी’पेक्षा कामाचं.

ट्रेलर चालू असताना स्क्रीनकडे नाही, बघणाऱ्याकडे बघ. कोणत्या सेकंदाला दचकला, कुठे हसला, कुठे मोबाइल उचलला, टिपून ठेव. भुताच्या जागी हसू आलं तर तो शॉट लांबलाय. काही फ्रेम आधीच काप. आणि ‘अजून घाबरवा’ म्हणजे आवाज वाढवा असं नव्हे. पहिल्या सेकंदापासून घूं-घूं चालू असेल तर पुढचा दणका कोणाला लागणार? दणक्याआधी सगळं बंद कर, श्वाससुद्धा. (विद्यार्थ्यांच्या ट्रेलरांत ही घूं-घूं कुठून येते देव जाणे.)

पडद्यामागची:
फॉर्ममध्ये ‘कशावर पाहिलंत?’ हेही विचारा. मोबाइलच्या स्पीकरवर खालच्या पट्टीतली घरघर जवळपास ऐकूच येत नाही, त्यामुळे हेडफोनवाला आणि मोबाइलवाला वेगवेगळे ट्रेलर ऐकत असतात. पोस्टरचंही तेच. स्क्रीनवर दिसणारा गडद निळा छापल्यावर काळा ठिक्कर होतो, म्हणून एक प्रत छापून दाखवा. आणि नावाच्या अक्षरांतून रक्त ओघळत असेल तर वेलांट्या-मात्रा त्यात बुडतात. लांबून कोणाकडून तरी वाचून घ्या.

शेवटची_रीळ:
अक्षरं ओघळतायत खरी :) सुधारलेला ट्रेलर त्याच लोकांना दाखवू का?

कात्रीवाला:
दचकण्यासाठी नाही, त्यांना जागा पाठ झाली. नवी माणसं शोध, त्यात हॉरर न बघणारेही घे. जुन्यांना फक्त ‘आता गोष्ट कळली का?’ एवढंच विचार. परवानगी घेऊन नव्यांचे चेहरे शूट कर. 2009मध्ये ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या ट्रेलरमध्ये थिएटरात दचकणारे प्रेक्षकच दाखवले होते, तुलाही एखादी छोटी क्लिप मिळून जाईल.

पडद्यामागची:
जुनी फ्रेम, नवी फ्रेम आणि मधे ती प्रतिक्रिया असं शेजारीशेजारी लावून द्या. ज्या सूचना नाकारल्या त्याही लिहा, कारणासकट. आमच्याकडे परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले होते.