मदत हवी आहे: सेइबो, म्हणजे अर्जेंटिनाचा पांगारा – नावं, जाती आणि आनाईची गोष्ट

पानगळ:

नमस्कार मंडळी,

आमच्या बालवाचनालयात मुलांना झाडांच्या गोष्टी सांगायचा उपक्रम चालतो. शिमग्याच्या सुमारास पांगारा फुलला की त्याच्याखाली बसून त्याच्या दक्षिण अमेरिकेतल्या भाऊबंदाची, सेइबोची, गोष्ट सांगायची आहे. त्यासाठी जाणकारांची मदत हवी.

सेइबो म्हणजे एरिथ्रिना क्रिस्टा-गॅली. पांगाऱ्याचीच प्रजाती, जात वेगळी. अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांचं हे राष्ट्रीय फूल. अर्जेंटिनात १९४२ साली सरकारी हुकूम निघून त्याला हा मान मिळाला. पराना नदीच्या काठी, प्लाता नदीच्या मुखाशी, पाणथळ जागी ही झाडं वाढतात.

गोष्ट पराना काठचीच आहे. आनाई नावाची एक मुलगी, ग्वारानी या तिथल्या मूळ जमातीतली. दिसायला काही देखणी नाही, पण गाऊ लागली की सगळी वस्ती हातातलं काम टाकून ऐकत बसायची. आपल्या माणसांची, आपल्या देवांची, आपल्या भूमीची गाणी. मग स्पॅनिश फौज आली. वस्त्या मोडल्या, माणसं धरून नेली, त्यांत आनाईही होती. एका रात्री पहारेकऱ्याचा डोळा लागला तशी ती निसटू लागली. तो जागा झाला, झटापटीत तिने त्याला सुरा मारला आणि रानात पळाली. पण पुन्हा सापडली. शिक्षा ठरली, जिवंत जाळायचं. झाडाला बांधून आग लावली, आणि त्या आगीत ती गाऊ लागली. पहाटे सैनिक बघतात तो तिथे हिरवीगार पानं आणि लालभडक फुलांनी लगडलेलं झाड उभं!

तिला जाळलं, हे मला गाळायचं नाही. ते गाळलं तर त्या लोकांवर काय गुजरलं तेच गाळल्यासारखं होईल. पण समोर सात-आठ वर्षांची मुलं असतील. अशा गोष्टी सांगायचा अनुभव असलेल्यांनी हा भाग कसा सांगावा ते सुचवा, ही कळकळीची विनंती.

दुसरी अडचण नावांची. ग्वारानीत याला सुइन्यांदी म्हणतात, ब्राझीलमध्ये कोर्तिसेइरा. पण इक्वाडोरमध्ये सेइबो म्हटलं की भलतंच झाड, आपल्या पांढऱ्या सावरीच्या प्रजातीतलं. खुद्द अर्जेंटिनातही डोंगराळ हुहुई-साल्ताकडचा सेइबो (एरिथ्रिना फाल्काटा) वेगळा आणि चाको प्रदेशातला (एरिथ्रिना डोमिंगेझी) आणखी वेगळा. आनाईचा सेइबो नदीकाठचा. त्यात पांढऱ्या फुलांचाही एक दुर्मिळ प्रकार आहे. एका रोपवाटिकेत ‘सेइबो’ म्हणून रोप मिळतंय. ते खरंच क्रिस्टा-गॅली आहे की आपला पांगाराच, हे कसं ओळखायचं?

आणि शेवटचं: पांगाऱ्याची एखादी लोककथा, ओवी किंवा आजीकडून ऐकलेली काहीही आठवण असेल तर जरूर लिहा. दोन्ही झाडं मुलांसमोर एकत्र ठेवायची आहेत.

रानवाट:

रोपावर ओळखणं कठीण आहे, काटे दोघांनाही असतात आणि दोघांचंही पान त्रिदल. पण पांगाऱ्याची पर्णिका चांगली रुंद, पळसासारखी. सेइबोची अरुंद, लांबट. फुलं आल्यावर शंकाच उरत नाही. पांगारा बहुधा निष्पर्ण असताना फुलतो, सेइबो अंगावर पानं असताना. शिवाय सेइबोचं फूल उलटं असतं. सगळ्यांत मोठी पाकळी वर असायची ती खाली जिभेसारखी पसरलेली. हे मुलांना फोटोत नक्की दाखवा, त्यांना फार आवडेल.

तिकडे या फुलांवर हमिंगबर्ड येतात. आपल्या पांगाऱ्यावर साळुंक्या, भोरड्या, कोतवाल, बुलबुल यांची झुंबड उडते, तेव्हा कार्यक्रम सकाळी लवकर ठेवा. रोप घेतलंत तर उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, नदीकाठचं झाड आहे ते.

तळकोकणी:

लोककथा माझ्याकडे नाही, पण झाड घरातलंच आहे. आमच्याकडे पांगाऱ्याचे खुंट गडग्याच्या कडेला रोवतात, पावसात आपोआप फुटतात. बागेत मिरवेलीही त्यावरच चढवतात. लाकूड अगदी हलकं. सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याची करत. आणि गंमत बघा, अर्जेंटिनात ‘बोम्बो लेग्वेरो’ नावाचा मोठा ढोल सेइबोचं खोड पोखरून करतात, त्याचंही लाकूड असंच हलकं! मुलांच्या हातात सावंतवाडीचं एखादं जुनं खेळणं द्या आणि त्या ढोलाचा आवाज ऐकवा.

जाळण्याबद्दल: मी शाळेत गोष्टी सांगते. आगीचं वर्णन करू नका, एका वाक्यात सांगून थेट गाण्यावर या. नंतर मुलं विचारतील, ‘तिला दुखलं का?’ तेव्हा ‘हो’ म्हणा. मुलांना खरं उत्तर पेलतं, टाळाटाळ केली की ती घाबरतात.

पानगळ:

दोघांचेही मनापासून आभार. खेळणं मिळवते. तळकोकणी, गोष्टीनंतर मुलांनी खाली पडलेल्या शेंगा गोळा केल्या तर चालेल ना?

रानवाट:

शेंगा हाताळायला हरकत नाही, पण एरिथ्रिनाच्या बिया विषारी असतात. एकही तोंडात जाणार नाही एवढी काळजी घ्या आणि निघताना खिसे तपासा.